अमावस्येच्या अकरा ओळी

गेल्या पौषापर्यंत माझ्या जेठांशी मी पाच वर्षांत एक शब्दही बोलले नव्हते, आणि त्याच पाच वर्षांत आठवड्यातून निदान चार वेळा मी त्यांचं काम नाकारत होते. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माडीवर चालायच्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मला मात्र अधूनमधून हसू यायचं.

भावेशदादा म्हणजे माझे जेठ, माझ्या नवऱ्याचे, मिथुनचे थोरले भाऊ. आमच्या गुजर घरात धाकट्या सुनेनं जेठासमोर डोक्यावरची ओढणी ढळू द्यायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. जेठानंही तिचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्यासाठी मी ‘धाकली’. काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना म्हणतात, "आई, धाकलीले सांग." सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, माडीच्या दारात वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या असतात. त्या मान न वळवता तेच वाक्य मला पुन्हा सांगतात. मी तीन हातांवर बसलेली असते, सगळं कानावर आलेलं असतं, तरी सासूबाईंचं सांगून होईपर्यंत बहिरं व्हायचं. मी उत्तर त्यांना द्यायचं, ते उत्तर त्यांनी मुलाला द्यायचं. अशानं दिवसभरात त्यांच्या इतक्या फेऱ्या होतात की त्यांना खरं तर पगार द्यायला हवा.

आता हे सगळं माडीवर का, तर आमचा धंदाच तिथे आहे. भावेशदादा सहा वर्षं पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर होते. कंटाळून परत आले आणि तापीकाठच्या आमच्या गावात त्यांनी एक सॉफ्टवेअर बनवलं. आमच्या भागात उपसा सिंचनाच्या सोसायट्या आहेत. नदीवर एक मोठा पंप असतो आणि शेतकरी पाळीपाळीनं पाणी घेतात. आमचं सॉफ्टवेअर ज्याची पाळी त्याला मोबाईलवर मेसेज पाठवतं, आणि त्या वेळापुरतं पंपाचं बटण त्याच्याच मोबाईलवर देतं. पाळीवरून पूर्वी वर्षातून दोन भांडणं ठरलेली असायची. आता लोक मेसेज दाखवतात आणि गप्प बसतात.

मी शहाद्याला बी.सी.ए. केलं, लग्नाआधी वर्षभर नाशिकला नोकरी केली. लग्नानंतर सहा महिने मी केळीच्या घडांना फडकी बांधली. मग एक दिवस मिथुन भावाला म्हणाला, "दादा, तू बाहेर माणूस शोधी ऱ्हायना, घरमाच एक शे." त्याचे हे उपकार मी मानते. एरवी तो आमच्या दोघांच्या मध्ये कधी पडत नाही. म्हणतो, मला केळीतलं कळतं तेवढं पुरे.

आमच्या कामातली तिसरी हेमांगी. ती खांडबाऱ्याला तिच्या घरून काम करते. तिचं घर स्टेशनाला इतकं लागून आहे की बोलता बोलता सुरतेकडची गाडी आली की आम्ही सगळे गप्प बसतो, गाडी गेली की पुढचं वाक्य.

जेठाशी बोलायचं नाही आणि एकाच कोडवर काम करायचं, हे जमतं कसं? ते जमतं व्हर्जन कंट्रोलमुळे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोडची एक मुख्य प्रत असते. प्रत्येकजण आपली वेगळी प्रत काढून तिच्यात बदल करतो आणि ते मुख्य प्रतीत घ्या म्हणून पाठवतो. दुसऱ्या कुणीतरी ते वाचून ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय बदल आत जात नाही. कोणती ओळ कुणी, कधी आणि का लिहिली, कुणी काढली, कुणी नाकारली, सगळं नावानिशी कायमचं राहतं. खोडलेलंसुद्धा दिसतं.

ही व्यवस्था कुणा परदेशातल्या माणसानं काढली असेल, पण मला वाटतं ती खास आमच्या माडीसाठीच काढली. तोंडानं नाही बोलायचं ना? लिहिण्याबद्दल कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. मी ओढणी सावरून लिहायची : ‘हे चालणार नाही. सतराव्या ओळीत पाळी दोनदा मोजली जाते.’ पलीकडून उत्तर यायचं : ‘बरोबर. दुरुस्त केलं.’ दिवाळीनंतर माडीवर कापूस भरला की आमच्या दोन टेबलांच्या मध्ये छतापर्यंत ढीग लागतो, तेव्हा तर आम्हाला एकमेकांचं तोंडही दिसत नाही. कापसाच्या अलीकडे मी, पलीकडे जेठ, आणि मधल्या मध्ये भांडण चाललेलं, पण आवाज फक्त कीबोर्डचा. सासूबाईंना वाटायचं, दोघं किती शांतपणे काम करतात.

पौषात बिघडलं.

बारडोलीकडची एक सोसायटी आमचं सॉफ्टवेअर घेण्याचा विचार करत होती. त्यांचा एक इंजिनीअर कोड बघणार होता, म्हणून भावेशदादांनी साफसफाई काढली. साफ करता करता ते माझ्या अकरा ओळींपाशी आले. त्या ओळी एवढंच करायच्या की अमावस्येला कुणालाही पाळी द्यायची नाही आणि पंपाचं बटण कुणाच्याच मोबाईलवर उघडायचं नाही. दादांनी त्या सरळ काढल्या आणि कारण लिहिलं : ‘अंधश्रद्धा. गरज नाही.’

मी नाकारलं. लिहिलं, ‘ह्या ओळी काढू नका. अमावस्येला आपल्याकडे बैल जुंपत नाहीत, शेतं रिकामी असतात.’ आणि मग पुढे खरं कारण लिहिलं, चांगलं चार वाक्यांत. त्यांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. तासाभरात तोच बदल पुन्हा आला. मी पुन्हा नाकारला, ‘वरचं कारण कृपया पूर्ण वाचा.’ आता ‘कृपया’ कोणत्या सुरात लिहिलेलं आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही कळतं. तिसऱ्यांदा बदल आला. तिसऱ्यांदा मी फक्त ‘नाही’ लिहिलं.

मग मी एक शहाणपण केलं, आणि तेच अंगाशी आलं. मला वाटलं, कागदावर वाद नको वाढायला, सासूबाईंकडून नीट सांगावं. मी त्यांच्याशेजारी बसून सगळं समजावलं. नदीवरच्या विहिरीत पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यात पाणवेली आणि प्लास्टिक अडकतं. पंपावरचा माणूस, इंद्रसिंग, ती जाळी साफ करायला महिन्यातून एकदा विहिरीत उतरतो. अमावस्येला शेतात कुणी नसतं म्हणून त्यानं वर्षानुवर्षं तोच दिवस धरलाय. तेव्हा त्या दिवशी बटण बंद हवं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, शेंगांची टोपली बाजूला केली, आणि कापसाच्या पलीकडे तोंड करून एवढंच म्हणाल्या, "भावेश, कामिनी म्हनस, अमावस्या काढू नको."

पाच वाक्यांतलं एवढंच उरलं. त्यात विहीर गेली, जाळी गेली आणि इंद्रसिंगही गेला.

पलीकडून आवाज आला, "आई, धाकलीले सांग, हाऊ प्रोग्राम शे, पंचांग नही."

मला असा राग आला म्हणता. उठून ढिगाला वळसा घालून जावं आणि तोंडावर सांगावं, असं वाटलं. पण गेले नाही. पाच वर्षांची सवय पायांत होती. त्यातून मनात आलं, नाही ना ऐकायचं, मग बसा. हे मी आज कबूल करते, कारण नंतर जे होऊ शकलं असतं त्यात माझ्या ह्या रुसण्याचाही वाटा आहे. मंजुरीशिवाय बदल आत जात नाही हे खरं, पण दादांचं खातं मालकाचं. त्या खात्याला अट ओलांडता येते. त्यांनी ओलांडली. माझ्या तीन नकारांच्या खाली ओळ आली : ‘भावेश यांनी मंजुरीशिवाय समाविष्ट केले.’ हेमांगीनं मला लगेच फोन केला. "वहिनी, बघितलं का?" मी म्हटलं, बघितलं. तेवढ्यात तिच्याकडे गाडी आली, आणि ती जाईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या फोन धरून उभ्या राहिलो.

अमावस्या चार दिवसांनी होती. सकाळी आठला चुनीलालभाईंच्या मोबाईलवर मेसेज गेला, तुमची पाळी सुरू झाली आहे. चुनीलालभाई सोसायटीतले सगळ्यात तापट सभासद. तेही चमकले, अमावस्येला कशी काय पाळी? पण आलेलं पाणी कोण सोडतो? ते केळीच्या बागेत जाऊन उभे राहिले आणि बटण दाबलं. पंप काही चालू होईना. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग मोटारसायकल काढून आधी चेअरमनकडे आणि तिथून सगळ्या गावात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या खोलीत सभा बसली. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. मी दाराशी, बायका बसतात त्या बाजूला, ओढणी कपाळापर्यंत ओढून बसले. भावेशदादा समोर खुर्चीवर.

"माले मेसेज उना, तुन्ही पाळी शे," चुनीलालभाई सांगत होते. "मी तीन डाव बटन दाबं. पंप चालू व्हयनाच नही! मन्हा सगळा दिवस वाया गया."

कोपऱ्यात जमिनीवर बसलेला इंद्रसिंग शांतपणे म्हणाला, "चालू कसा व्हई? मी खाले विहीरमा व्हतू. जाळी साफ करी ऱ्हायनू व्हतू. फ्यूज मन्हा खिसामा व्हतात."

इंद्रसिंगनं बंडीच्या खिशावर हात ठेवून दाखवलं, इथे. तो खाली उतरताना तिन्ही फ्यूज काढून खिशात घालतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या माणसाला आमच्या सॉफ्टवेअरवर भरवसा नव्हता, म्हणून तो तिथे बसून बोलत होता.

चेअरमन नवनीतभाई हे सोसायटीतले वडीलधारे. त्यांनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सून लोकेसना हातमा एवढं मोठं काम दिधं म्हनीसन असं व्हस. भावेश, तू हुशार शे, पन घरना बाईले घरमाच ऱ्हाऊ दे. नहीतर आम्ही आपली पाळीनी जुनी वही काढतस."

सगळ्यांनी माना हलवल्या. गावात घरोघरी जाऊन सगळ्यांचे मोबाईल मीच जोडून दिले होते, त्यामुळे मेसेज म्हटला की तो सुनबाईचा. चांगला आला तर सोसायटीचा आणि चुकला तर सुनबाईचा.

माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर तेच पान होतं. तीन नकार, तारखा, वेळा, आणि खाली ती ओळ. नुसता लॅपटॉप वळवला असता तरी पुरे होतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती. पण भरल्या सभेत थोरल्या जेठाला उघडं पाडायचं आणि त्याच पायरीवरून संध्याकाळी घरात शिरायचं? नाही वळवला, तर उद्यापासून माझं टेबल जाणार, मी परत केळीच्या घडांना फडकी बांधणार, आणि गावात कायमचं राहणार की सुनेनं इंद्रसिंगला मारलंच होतं. मला त्या क्षणी माझं काम किती प्रिय आहे हे इतकं स्पष्ट कळलं की रडू यायचंच बाकी राहिलं.

भावेशदादा उभे राहिले.

"कामिनी," ते म्हणाले, "लॅपटॉप इकडे फिराव."

आधी वाटलं, दुसऱ्याच कुणा कामिनीला हाक मारली. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई माझ्या मागेच होत्या, त्यांनी सवयीनं ‘लॅपटॉप...’ म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी लॅपटॉप वळवला.

दादा जवळ येऊन खाली वाकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "त्या ओळी मी काढ्यात. तिनी तीन डाव नही म्हनं. काब्र म्हनं, ते आयका." आणि त्यांनी माझं लिखाण मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. लिहिताना आम्ही शाळेतली मराठी लिहितो, आणि दादा वाचतातही शाळेतल्यासारखंच, प्रत्येक शब्दावर थांबत.

"ह्या ओळी काढू नका. अमावस्येला आपल्याकडे बैल जुंपत नाहीत, शेतं रिकामी असतात. म्हणून त्याच दिवशी इंद्रसिंगभाऊ विहिरीत उतरून जाळी साफ करतात. ते खाली असताना कुणी मोबाईलवरून पंप चालू केला तर त्यांचा जीव जाईल. ही अंधश्रद्धा नाही. खात्री करायची असेल तर त्यांना विचारा."

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मला कळलं की हे त्यांनी आज पहिल्यांदाच पूर्ण वाचलंय. तेव्हा सुरुवातीलाच त्यांना बैल दिसले आणि त्यांनी पुढचं सोडून दिलं होतं.

"चूक मन्ही शे," ते इंद्रसिंगकडे बघून म्हणाले. "तुन्ही माफी मांगस."

इंद्रसिंगला कुणी आपली माफी मागण्याची सवय नव्हती. तो घाईनं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ, फ्यूज व्हतात ना खिसामा." मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी लिखं व्हतं का मन्हं नाव त्यामा?" मी मान हलवली. तो हसला. सगळ्या सभेत त्याला तेवढीच गोष्ट आवडलेली दिसली. जुन्या वहीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. चुनीलालभाईंनी उठता उठता विचारलं, मग माझी पाळी कधी, आणि सगळे हसले, मीसुद्धा ओढणीआडून.

घरी आल्यावर दादा तडक माडीवर गेले. मी मागोमाग जाऊन ढिगाच्या कडेला उभी राहिले. त्यांनी सगळ्यात आधी आपल्या खात्याचा तो मालकी हक्क काढून टाकला, म्हणजे आता त्यांनाही मंजुरीशिवाय काही आत घालता येणार नाही. मग दारातल्या सासूबाईंना म्हणाले, "आई, धाकलीले सांग, मी त्या ओळी परत टाकी ऱ्हायनू." बटणावर बोट ठेवलेलंच होतं.

"थांबा," मी म्हटलं.

पाच वर्षांत जेठांशी बोललेला माझा पहिला शब्द. तोही नकाराचाच. सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. दादा वळून बघायला लागले.

आता थांबून चालणार नव्हतं. "तुमी टाक्यात, तर त्या ओळीसवर तुमनं नाव येई," मी म्हटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे असंच असतं. काढलेली ओळ जो परत आणतो, तिच्यापुढे त्याचं नाव लागतं. उद्या कुणी त्या अकरा ओळी उघडल्या तर त्यांच्यापुढे भावेश दिसणार, आणि कामिनी शोधायला खूप मागे जावं लागणार. एवढं मागे कोण जातं?

दादांनी पडद्याकडे बघितलं, मग बोट उचललं. "हां," ते म्हणाले. "बरोबर." आणि खुर्ची मागे सारून उठले. "तू टाक."

मी माझ्या टेबलाशी बसून त्या ओळी पुन्हा लिहिल्या. परत आणण्याचं बटण होतं, तरी हातानं लिहिल्या, एकेक. अकराच्या अकरा. वर कारणाच्या जागी ह्या वेळी बैल घातले नाहीत. पहिलंच वाक्य लिहिलं : ‘आज इंद्रसिंगभाऊ विहिरीत आहेत.’ आणि मंजुरीसाठी दादांच्याच नावे पाठवून दिलं.

दुपार झाली तरी मंजुरी येईना. ढिगाच्या पलीकडे खुर्ची रिकामी. मला वाटलं, राग आला असेल, सभेत केलं ते केलं, आता घरात त्याचं उट्टं निघणार. सासूबाई दारात नुसत्या बसल्या होत्या. "आते मन्हं काय काम ऱ्हायनं?" त्या मला म्हणाल्या, आणि त्यात थोडी तक्रार होती, थोडा आराम होता. हेमांगीचा दोनदा फोन आला, मंजूर झालं का, झालं का.

चारच्या सुमारास दादा आले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, बाहीला पाणवेलीचा हिरवा धागा. कापसाला वळसा घालून ते टेबलाशी गेले. कीबोर्डचा आवाज झाला आणि माझ्या पडद्यावर ओळ आली.

‘खाली उतरून जाळी बघून आलो. मंजूर.’

मी ओढणी सावरली आणि सासूबाईंना म्हटलं, "दादासले इचारा, च्या लेतस का?"

"तूच इचार ना," सासूबाई म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली घेऊन खाली निघून गेल्या.